स्थिर उभे राहू नका

आमच्या बागेच्या फाटकाला लागून काचेची एक पेटी आहे. रहिवासी समितीच्या सूचना तिच्यात लागतात. पाणी कधी येणार, योगासनं कधी, कुत्री मोकळी सोडू नका, असलं काहीबाही. मागच्या उन्हाळ्यात तिच्यात एक कागद लागला. ‘बच्चों की अरुचि के कारण’ बागेतला विज्ञान-खेळाचा कोपरा उखडून तिथं ज्येष्ठ नागरिकांना बसायला शेड उभी होणार, असं त्यावर होतं.

पोरांना रस नाही, म्हणून. हे कारण समितीच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. ते मी दिलं होतं, भर बैठकीत, खुर्चीला टेकून, चहा पीत. आणि ते खोटं होतं.

तो कागद आता पेटीत नाही. तो निघाला म्हणजे गोष्ट मिटली, असं समितीतल्या माझ्या मित्रांना वाटतं. “भाऊ, अब छोड़ो भी,” म्हणतात. मी सोडणार नाही. कागद निघाला, पण पोरांच्या नावावर जे लिहिलं गेलं ते कुणी खोडलेलं नाही. वय झालेल्या माणसानं सगळ्यांशी गोड राहावं असा इथं रिवाज आहे. तो मी पुष्कळ पाळला. आता जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मी जन्मभर काट्यावर काम केलं. पोलादाच्या कारखान्यात भंगार आणि तयार माल घेऊन ट्रक येतात-जातात, ते ज्या लांबलचक लोखंडी पाटावर उभे करून तोलतात, तो काटा. वडील भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून इथं, हिंदी मुलखातल्या या पोलादाच्या गावात आले. मी सेक्टर १० च्या क्वार्टरमध्ये वाढलो, तिथूनच कामाला लागलो, आणि निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा स्मृति नगरात घर बांधलं. काट्याचा पहिला धडा मला उस्तादांनी दिला. ट्रक पाटावर चढला की इंजिन बंद. ड्रायव्हर खाली. आकडा नाचत असतो. तो थांबेपर्यंत त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. “हिलता आकडा, झूठा आकडा,” उस्ताद म्हणायचे. हलत्या आकड्यावर मी कधी वजन उतरवून घेतलं नाही. घाईतल्या ट्रकवाल्यांनी शिव्या घातल्या, साहेबांनी डोळे वटारले, तरी नाही. या गोष्टीचा मला गर्व होता. अजूनही आहे. पण तो गर्व काट्यावर ठेवून यायला हवा होता, तो मी बागेत घेऊन आलो.

बागेत खेळता खेळता शिकायचा कोपरा करायचं ठरलं तेव्हा समितीनं मला बोलावलं. काही वस्तू तयार आणल्या. एका टोकाला कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला ऐकू येणाऱ्या नळ्या, पायडल मारलं की दिव्यांची माळ पेटणारी सायकल. वजनाची फरशी मात्र माझी. चटईएवढा जाड लोखंडी पत्रा, त्याच्या चार कोपऱ्यांखाली भार ओळखणारे तुकडे, बाजूला खांबावर मोठ्या लाल आकड्यांचा बोर्ड, आणि आकडा वाढला की खालून वर चढत जाणारे रंगीत दिवे. शंभराला सगळ्यात वरचा दिवा लागायचा आणि शिट्टी वाजायची. शंभराच्या वर गेलं की दिवे विझायचे. खेळ एवढाच. पोरापोरांनी मिळून बरोबर शंभर किलो भरायचे.

पहिल्याच आठवड्यात बागेत जो गोंधळ सुरू झाला तो मी बाकावर बसून ऐकला आहे.

“चौरानवे! छह किलो चाहिए!”

“अपने भाई को ला!”

“वो नौ का है.”

“उसकी चप्पल उतार दे!”

“चप्पल तीन किलो की होती है क्या, गधे?”

मग चौकीदाराची बादली आली. बादलीत पाणी घालून, मगानं थोडं थोडं काढून पोरांनी शंभर गाठलं आणि शिट्टी वाजली तेव्हा शेजारच्या गल्लीतली माणसं बाहेर आली, काय झालं बघायला. माझी नात त्यात पुढे. तेव्हा ती चौथीत होती. घरी मराठी, गल्लीत हिंदी, आणि भांडण असलं की दोन्ही. बेरीज-वजाबाकीला वहीत जांभया देणारी ही पोरगी फरशीवर उभी राहून दुसऱ्या पोरांकडे नुसतं बघून सांगायला लागली, “तू तेवीस का है, तू हट, तू अठ्ठाईस वाला आ.” आणि दोन-तीन किलोच्या आत तिचा अंदाज बरोबर निघायचा.

मग त्यांना उड्या सापडल्या. उडी मारून फरशीवर आदळलं की बोर्डावरचा आकडा उसळतो. सगळ्यांत मोठा आकडा कुणाचा, याच्या शर्यती लागल्या. शंभराचा खेळ बाजूला पडला. मला ते आवडलं नाही.

एके दिवशी समितीचे अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन कोपरा दाखवायला आले. अध्यक्ष माझ्याच कारखान्यातून निवृत्त झालेले, पण मोठ्या हुद्द्यावरून. ते सांगत होते, ही फरशी आमच्या भाऊंनी बनवली, तेवढ्यात माझ्या नातीनं दोन्ही पाय जुळवून उडी मारली. बोर्डावर आकडा चमकला. अध्यक्ष हसायला लागले.

“भाऊ, ये लड़की डेढ़ सौ किलो की है? काँटे के आदमी होकर ये हाल?”

पाहुणे हसले. पोरंही हसली, कारण मोठी माणसं हसत होती. मीही हसलो. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फरशीचा डबा उघडला. काट्याच्या यंत्रात एक सोय असते. वजन स्थिर झाल्याशिवाय आकडाच दाखवायचा नाही, असं त्याला सांगता येतं. ती मी चालू केली, आणि कारखान्यात ठेवत होतो तितकी कडक ठेवली. तोवर बोर्ड काळा, आणि खाली सरकती अक्षरं: ‘कृपया स्थिर खड़े रहें.’ डबा बंद करताना मला फार बरं वाटलं. आता एकही आकडा खोटा निघणार नव्हता.

खरंच निघाला नाही. आकडाच निघाला नाही. पाच-सहा पोरं एका पत्र्यावर उभी करा आणि म्हणा, हलू नका. एकाला हसू येतं, त्याला पाहून दुसऱ्याला, तिसरा नाक खाजवतो. बोर्ड काळाच. मी बाकावरून ओरडायचो, “अरे, थोडा वेळ नीट उभे राहा की!” माझी नात श्वास रोखून, गाल फुगवून, लाल होऊन उभी राहायची, आणि आकडा उमटणार तोच कुणीतरी तिला गुदगुल्या करायचं. तिच्यावर मी सगळ्यांदेखत ओरडलो. “तुझ्यामुळे होतं हे. तू सगळ्यांना नाचवतेस.” ती फरशीवरून उतरली आणि सरळ घरी गेली. हळूहळू बाकीचीही गेली. फरशीवर पानं साचायला लागली, आणि बोर्ड त्या पानांना दिवसभर स्थिर उभं राहायला सांगत राहिला.

मग ती बैठक. अध्यक्षांनी विचारलं, “भाऊ, बच्चे क्यों नहीं आते?”

उत्तर मला पाठ होतं. डब्यातली एक सोय मी चालू केली म्हणून. पण ते सांगायचं तर का चालू केली तेही सांगावं लागलं असतं, आणि समोर सगळे कारखान्यातलेच होते. मी म्हणालो, “आजकल के बच्चों को मोबाइल चाहिए. विज्ञान में किसको रुचि है.” सगळ्यांनी माना हलवल्या. म्हाताऱ्यांच्या बैठकीत पोरांविरुद्ध बोललेलं वाक्य जितक्या सहज मंजूर होतं तितकं दुसरं कुठलंच होत नाही. तिथल्या तिथं शेडचं ठरलं.

कागद लागला त्या संध्याकाळी नात फाटकावरून आली आणि जेवताना तिनं विचारलं, “आबा, अरुचि मतलब?”

मी भात कालवत राहिलो. बायको म्हणाली, “अरुचि म्हंजे एखादी गोष्ट आवडत नाही ते.”

“पर हमको तो पसंद था!” नात म्हणाली. “किसने लिखा वो?”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. डबा उघडला त्या सकाळी माझा पेचकस तिनंच शोधून दिला होता. “सांगा ना आता,” ती म्हणाली. “कावून गप्प बसले? त्या पोरीले सांगा, कोनाले आवडत नव्हतं ते.”

मी हात धुतले आणि उठून गेलो. जेवणावरून असं मी कधी उठलो नव्हतो.

मी लगेच शहाणा झालो असं सांगितलं तर ते खोटं होईल. शेडचा ठेकेदार येऊन फरशी मोजून गेला, तेव्हाही मी गप्प होतो. पुढं जे झालं ते आमच्या न्हाणीघरात झालं. मुलानं घरात वजन करायचं लहान गोल यंत्र आणलं आहे, तबकडीवर सुई फिरणारं. एका सकाळी आतून नातीच्या खिदळण्याचा आवाज येत होता. मी दार वाजवलं. “शाळेची वेळ झाली, काय करून राहिली आत?”

“आबा, इकडं या! देखो, मैं हल्की हो गई!”

ती यंत्रावर उभी होती. म्हणाली, सुईकडे बघा, आणि एकदम मट्‌कन गुडघे वाकवले. सुई खाली पडली. पाचेक किलो तरी. मग ती खाली पोचून थांबली तशी सुई वर उसळली, खऱ्या वजनाच्याही पुढे गेली, आणि थरथरत परत आली.

“ऊपर जाते टाइम उल्टा होतं,” ती म्हणाली. “पहले भारी, मग हल्की. बागेत आम्ही हेच करत होतो. मोठे आकडे तो सबको आते थे, मी छोटा आकडा आणत होते. सबसे छोटा मेरा था. पण तुमी ते बंद करून दिलं.”

मी तिला पुन्हा करायला लावलं. मग मी तिला उतरवलं आणि स्वतः चढलो. गुडघे तिच्यासारखे वाकत नाहीत, पण जेवढे वाकले तेवढ्यातही सुई पडली. आता हे मला पुस्तकातून माहीत नव्हतं असं नाही. माणूस खाली सुटतो तेवढा क्षण फरशीला त्याचा भार कमी झेलावा लागतो. तो थांबतो तेव्हा जास्त. आयटीआयमध्ये हे मी शिकलो होतो आणि परीक्षेत लिहिलं होतं. पण सबंध नोकरीभर तो नाचणारा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी तोंड फिरवून तो थांबायची वाट पाहिली. मी जो भाग फेकून दिला, त्यातच ही पोरगी सगळा धडा शिकून बसली होती. शिकवणारा कुणी नव्हता. ओरडणारा मात्र होता.

त्या दिवशी ती शाळेला उशिरा गेली.

मी अध्यक्षांकडे गेलो. म्हणालो, फरशीत एक दुरुस्ती करायची आहे, शेडचं थांबवा. ते म्हणाले, “अब क्या दुरुस्ती, भाऊ? ठेकेदार सोमवार को आ रहा है. जो कहना है, रविवार की मीटिंग में कहो.”

रविवारी मी बैठक फरशीपाशी नेली. सगळे चालत आले, काही कुरकुरत. मागोमाग माझी नातही आली. चौकीदारानं पानं झाडून दिली. माझ्या मनात सरळ हिशेब होता. आधी मी स्वतः फरशीवर उभा राहीन, आकडा येईल, मग सांगेन की एकट्या मोठ्या माणसाला हे जमतं, पाच पोरांना नाही, कारण मी असा-असा बंदोबस्त केला आहे. मी चढलो. हात बाजूला घेतले. समोर पाहिलं.

बोर्ड काळाच.

‘कृपया स्थिर खड़े रहें.’

मला वाटलं, यंत्र उघड्यावर राहून बिघडलं. मी पाय जुळवले. मग लक्षात आलं, की माझे पाय थरथरत आहेत. हात दोन वर्षांपासून थरथरतात. चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरतो. पण पायांचं मला कधी जाणवलं नव्हतं. मी जितका ताठ उभा राहायला जात होतो तितकं ते अंगभर चढत होतं. खालची अक्षरं सरकत होती, पुन्हा पुन्हा, मला शिस्त लावत. काट्याच्या आदमीला.

कुणीतरी म्हणालं, “खराब है.”

“खराब नहीं है,” मी म्हणालो. “मी हलतोय. अध्यक्ष साहेब, आप आइए.”

अध्यक्ष आले. छाती काढून उभे राहिले, आणि माझ्यासारखेच डोलत राहिले. त्यांना ते दिसत नव्हतं, आम्हाला दिसत होतं. बोर्ड काळा. त्यांनी दम भरला, सोडला. बोर्ड काळा. मागून कुणीतरी म्हणालं, “साहब, इंजन बंद करो, ड्राइवर नीचे उतारो.” कारखान्यातली सगळी माणसं हसली. आणि हसता हसता थांबली, कारण प्रत्येकाला मनातल्या मनात आपण तिथं उभे दिसत होतो.

मग मी सांगितलं. बोर्ड मी बंद केला. का केला तेही सांगितलं. तुम्ही हसलात म्हणून केला, आणि माझ्या गर्वानं केला. पोरांना रस नव्हता हे मी खोटं बोललो. रस होता. जी शिक्षा आपल्याला उभ्या-उभ्या पेलत नाही ती मी त्यांना दिली, आणि ती पळाली तर त्यांनाच दोष लावला.

मी खिशातून पेचकस काढला आणि खाली बसून डबा उघडायला लागलो.

“भाऊ, किसकी परमिशन से खोल रहे हो?” अध्यक्ष म्हणाले.

“जिसकी परमिशन से बंद किया था,” मी म्हणालो. “मेरी.”

सोय बंद करायला वेळ लागत नाही. वेळ माझ्या हाताला लागला. स्क्रू दोनदा पडला, तो नातीनं उचलून दिला. बोर्ड पेटला. ती फरशीवर चढली आणि कुणाकडे न बघता गुडघे वाकवले. आकडा पडला, उसळला, नाचत राहिला. “देखा?” ती म्हणाली, अध्यक्षांना. मग ती बागेच्या फाटकाकडे तोंड करून अशी काही ओरडली की झोपाळ्यावरची पोरं धावत आली, आणि त्या दिवशीची बैठक तिथंच संपली, कारण एकमेकांचं काही ऐकू येईना.

सोमवारी ठेकेदार आला तेव्हा मी फरशीवर खुर्ची टाकून बसलो होतो. बोर्डावर माझा आणि खुर्चीचा मिळून आकडा हलत होता. त्यानं अध्यक्षांना फोन लावला. बरंच बोलणं झालं. शेड पलीकडच्या भिंतीला, कडुनिंबाखाली बांधायची ठरली. ती तिथं बांधून झालीही. सावलीही चांगली आहे.

पण माणसं हार मानत नाहीत. फरशीशेजारी ‘कूदना मना है’ अशी पाटी लागली आहे. चौकीदार शिट्टी घेऊन बिचारा उभा राहतो आणि मला सांगतो, “बाबूजी, लइका मन मानबे नइ करंय.” पोरं ऐकतच नाहीत, म्हणतो. मी म्हणालो, नाहीच ऐकणार. कुणी विचारलं तर म्हण, बाबूजींनी सांगितलंय.

आणि तो कागद. मी अध्यक्षांना म्हणालो, जिथं ते लिहिलं होतं तिथंच दुरुस्त करून लावा. ते म्हणाले, “कागज हट गया ना?” मी म्हणालो, “हटा है. सुधरा नहीं.” पेटीची किल्ली त्यांच्याकडे असते आणि ती काही केल्या सापडत नाही. मग मी मोठ्या अक्षरात एक ओळ लिहिली: ‘बच्चों की रुचि थी. बोर्ड मैंने बंद किया था.’ खाली माझं पूर्ण नाव घातलं आणि पेटीच्या काचेवर बाहेरून चिकटवली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फाडली. मी पुन्हा चिकटवली. कोण फाडतं ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे. सकाळी फिरताना आम्ही एकमेकांना नमस्कार करतो.

माझ्या मुलाला हे पटत नाही. “बाबा, लोग हँसते हैं,” म्हणतो. हसू देत. मागच्या वेळी लोक हसले म्हणून मी काय करून बसलो ते त्यानं पाहिलंच आहे.

बायकोचं वेगळं. पहाटे चहाच्या आधी ती कागद चिकटवायला मैद्याची लेई शिजवते आणि वाटी माझ्यापुढे सरकवते. आज म्हणाली, “घ्या. आजची घट्ट केली हाय. काल लवकर निघाली म्हनत होते.”